मांजराच्या दवाखान्याची वर्गणी गावानेच काढावी, आणि वेळेआधी काढावी



आज कांदा, ऊस, दूध, फवारणी यातलं काही नाही. आजचा विषय मांजराचा, आणि मांजरासाठी पैसे गोळा करण्याचा. हसू येईल काहींना, येऊ द्या. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात आपल्या माणसांचे जीव गेलेले आहेत आणि आपल्या शेळ्या-मेंढ्यांचंही नुकसान होतंय.

हल्ली आठवड्याला एखादा तरी मेसेज येतो. जखमी मांजराचा फोटो, खाली क्यूआर कोड, "ऑपरेशनला पैसे लागतात, मदत करा". लगेच ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, "इथं गाईच्या सलाईनला पैसे नाहीत, मांजराचं काय घेऊन बसलात?" दुसरा डोळे झाकून शंभर रुपये पाठवतो आणि विसरून जातो. दोघांचंही मला पटत नाही. माझं मत असं आहे: मांजरांच्या उपचाराला पैसे लागतात, ते काढलेच पाहिजेत, पण मांजर पडल्यावर रडून मागण्यापेक्षा आधीच, गावाच्या पातळीवर, हिशोब ठेवून काढावेत. आणि पहिला पैसा ऑपरेशनवर न जाता नसबंदीवर, लसीवर आणि दोर-पिंजऱ्यावर जावा.

वाकडीची घटना विसरू नका

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. आपल्याच जिल्ह्यातलं नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. शेणाची स्लरी साठवायला वापरात असलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक माणूस उतरला, तो वर येईना. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहा जण आत गेले. पाच जण गेले ते गेलेच. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, म्हणून त्याला वर ओढता आलं आणि तो वाचला. मृतदेह बाहेर काढायचं काम रात्री उशिरापर्यंत चाललं होतं. सणाच्या दिवशी एका मांजरापायी पाच माणसं.

त्या घराला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर तेच केलं असतं. सख्खा माणूस डोळ्यांसमोर बुडतोय म्हटल्यावर हिशोब कोण करतो? पण घटना नीट समजून घ्यायला हवी, कारण गोबरगॅस, स्लरीचा खड्डा आणि बंद पडलेली विहीर आपल्याकडे गावोगाव आहे.

शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. खोल आणि अरुंद जागेत हवा खेळत नाही, त्यामुळे हे वायू आतच साचून राहतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा. प्रमाण थोडं असेल तोवर तो वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची ताकदच मारली जाते. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे हवा बरी झाली. प्रत्यक्षात तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असतो. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते आणि माणूस स्लरीत कोसळतो. वरून बघणाऱ्याला वाटतं पाय घसरला. मग पुढचा उतरतो.

काही जण सांगतात, आधी पेटती चिमणी किंवा मेणबत्ती सोडून बघावी. शेणाच्या खड्ड्यात हे अजिबात करू नका. मिथेन पेट घेतो. तिथं एकच नियम: तोंडाला रुमाल बांधूनही उतरायचं नाही. वायूपासून वाचवणारी श्वासाची साधनं असलेल्या अग्निशमन दलालाच बोलवायचं.

वाकडीने आपल्याला दाखवलं की खेड्यात मुक्या जनावराबद्दल माया कमी नाही. माणसं जिवावर उदार होतात. कमी आहे ती तयारी. एक लांब दोर, एक कॅरेट, खड्ड्यावर जाळी, इतक्या गोष्टी हाताशी असत्या तर? या सगळ्याचा खर्च दोन-अडीच हजार रुपयांच्या आत बसतो. म्हणून मांजरासाठी पैसे काढायची गोष्ट मला हसण्यावारी न्यायची वाटत नाही.

"मांजराचा उपयोग काय?"

हा प्रश्न येणारच, म्हणून आधी घेतो. आणि खोटी बाजू मांडणार नाही. शेतातल्या बिळातला उंदीर मांजर संपवत नाही. उसाच्या, गव्हाच्या वावरात बांधाला बिळं करणारा उंदीर जमिनीखाली राहतो, तिथं मांजराचा फार उपयोग नाही. मांजराचं काम घर, गोठा, धान्याची कोठी, खुराकाची पोती आणि कांदाचाळीच्या आसपास. तिथं मांजराचा वावर असला की उंदीर मुक्कामाला येताना विचार करतो. पोतं कुरतडलेलं, लेंड्यांनी घाण झालेलं धान्य, लेप्टोस्पायरोसिससारखा आजार, हे सगळं उंदराबरोबर येतं.

ही गोष्ट नवी नाही. प्लेगच्या काळात इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन अमरावतीला होते. त्यांनी वऱ्हाडातल्या गावांत घरोघरची मांजरं मोजली आणि १९०८ साली लिहिलं की जिथं मांजरं भरपूर, तिथं प्लेग कमी दिसतो. आजच्या शास्त्राच्या कसोटीवर तो अभ्यास किती टिकेल ते तज्ज्ञांनी सांगावं, पण मांजराकडे गावाच्या आरोग्याचा भाग म्हणून बघणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी होता, एवढं खरं.

आता दुसरी बाजू, जी शेळी-मेंढीवाल्यांनी नीट वाचावी. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो मांजराच्या आतड्यात वाढतो. कोवळ्या वयात मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून त्याची अंडी पडतात आणि ती मातीत, चाऱ्यात महिनोन्‌महिने टिकतात. गाभण शेळीच्या किंवा मेंढीच्या पोटात ती गेली की गाभ पडतो, नाहीतर करडू-कोकरू मेलेलं किंवा अशक्त जन्माला येतं. पारनेर, संगमनेर, अकोले भागात शेळ्या-मेंढ्यांवर चालणारी किती घरं आहेत! त्यांनी गाभ पडण्याच्या कारणांत हेही तपासायला सांगावं.

मग मांजरं हाकलून द्यायची का? उलट. एक हाकललं की त्या जागी दुसरं येतं आणि परत पिल्लं घालतं. पिल्लं जितकी जास्त, तितकी ही घाण जास्त. थोडी, मोठी, नसबंदी केलेली, ठरलेली मांजरं गोठ्यावर असणं हे मेंढपाळाच्या सगळ्यात फायद्याचं. सोबत गाभण जनावराचा चारा आणि खुराक झाकून ठेवायचा. म्हणजे मांजराच्या नसबंदीला दिलेले पैसे फिरून शेळीच्या गाभावरच लागतात. "शेळी का मांजर" असं भांडण लावणाऱ्याने एवढा हिशोब करावा.

मांजर आजारी पडतं ते बऱ्याचदा आपल्यामुळे

गावातलं मांजर बहुतेक वेळा आपण वापरलेल्या कशानं तरी पडतं. यादी बघा.

उंदराचं औषध. झिंक फॉस्फाइडचं आमिष मांजराने खाल्लं तर त्यावर उतारा औषध नाही. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो, तो मांजराला आयता मिळतो. मग मांजराच्या अंगात रक्तस्राव सुरू होतो. यावर व्हिटॅमिन के१ चा उपचार आहे, पण वेळेत दवाखाना गाठला तर. औषधाची वडी वापरलीच तर मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. उकिरड्यावर टाकू नका.

गोचीडाची फवारणी. गाईला चालणारं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन मांजराला चालत नाही. त्याचं शरीर ते पचवू शकत नाही, मांजर थरथरायला लागतं, झटके येतात. गाय फवारताना मांजर गोठ्याबाहेर ठेवा, आणि "उरलंय थोडं, याच्याही अंगावर मारू" हे कधीच करू नका.

फिनेल. गोठा धुतल्यावर ओल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग पाय चाटतं. फिनॉल त्याला विषारी.

आणि घरची तापाची गोळी. पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. अर्धी नको, पाव नको. माणसाची एक गोळी मांजर मारायला पुरते. मायेनं दिलेल्या औषधानं गेलेली मांजरं किती असतील, त्याची मोजदादच नाही.

याशिवाय उघड्या विहिरी, ट्रॅक्टर, कुत्री, ऊसतोडीत सापडलेली पिल्लं, पतंगाचा मांजा. हे सगळं आपल्या कामाच्या आणि राहणीच्या पोटातून आलेलं आहे. ट्रॅक्टरला डिझेल लागतं तसं या नुकसानीलाही थोडे पैसे बाजूला काढायला हवेत, असं मी म्हणतो.

दवाखान्याची अडचण कुठं आहे

आपल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यावर गाई-म्हशींचाच बोजा इतका, की डॉक्टर साहेब दिवसभर गाडीवरच असतात. १९६२ नंबरवर फिरतं पथक मिळतं, तेही मुख्यतः पशुधनासाठी. मांजराला भूल देणं, बारीक सुई, पिंजरा, एक्स-रे, ऑपरेशननंतर ठेवायला जागा, ही वेगळी सोय लागते आणि ती बहुतेक करून शहरातल्या खासगी दवाखान्यात असते. म्हणजे नगर, पुणे नाहीतर नाशिक. गाडीभाडं, दिवसाची मजुरी बुडणार, वर बिल. एकट्यादुकट्या घराला हे झेपत नाही, म्हणून मांजर पडवीत पडून मरतं. पाळणारा निर्दय असतो असं नाही, त्याच्या खिशात तेवढे पैसे नसतात.

क्यूआर कोडवाल्या मदतीचं काय चुकतं

शहरात केटो, मिलाप अशा ठिकाणी ऑनलाइन पैसे उभे करतात, त्यातून अनेक जनावरं वाचलीही आहेत. मी त्याच्या विरोधात नाही. पण गावाच्या कामाला ती पद्धत अपुरी पडते.

एक तर पैसे मागायला सुरुवात होते ती मांजर पडल्यावर. विषबाधेत मिळतात काही तास. तेवढ्यात फोटो काढायचा, मेसेज फिरवायचा, पैसे जमायची वाट बघायची, यात वेळ जातो. दुसरं, पैसे फोटो बघून येतात. डोळे निळे, अंग पांढरं, पिल्लू लहान, तर पैसे धो-धो. म्हातारा, कान फाटका बोका असेल तर कुणी विचारत नाही. तिसरं, नसबंदीचा आणि लसीचा फोटो काढण्यासारखा नसतो, त्यामुळे ज्या खर्चानं पुढची दहा मांजरं वाचतात त्याला कोणी दमडी देत नाही. आणि चौथं, पैसे एका माणसाच्या खात्यावर जातात. तो प्रामाणिक असला तरी उरलेले पैसे कुठं गेले हे विचारायची सोय नसते.

आपल्या लोकांचा संशय उगाच नाही. आपल्या बापजाद्यांच्या आडतीच्या पट्टीत हमाली, तोलाईच्या शेजारी "धर्मादाय" अशीही कपात असायची. शेतकऱ्याच्या मालातून पैसे कापले जायचे, धर्म कुणाच्या नावावर जमा व्हायचा ते शेतकऱ्याला कधी कळायचं नाही. त्यामुळे "पुण्याचं काम आहे, द्या" एवढ्यावर आपला माणूस आता पैसे देत नाही, आणि देऊही नये.

मेसेज आला तर तीन गोष्टी विचारा: कोणता दवाखाना, डॉक्टरांनी लिहून दिलेला अंदाजे खर्च किती, आणि पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर भरता येतील का. खरं काम करणाऱ्याला याचा राग येत नाही.

पैसे उभे करायची आपली पद्धत आहेच

जनावरांसाठी पैसे गोळा करायचं काम महाराष्ट्रात नवं नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रजांच्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायला घेतली, त्यावरून दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. ती नुसत्या देणग्यांवर चालली नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर लाग बसवून घेतला. धंदा चालेल तसा थोडा-थोडा पैसा आपोआप येत राहिला, रोज कुणापुढं हात पसरायची वेळ आली नाही.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे शिकवायलाच नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना काढला, तो १९५० साली सुरू झाला, आणि त्यामागे शेतकऱ्यांचे शेअरचे पैसे होते. थोडं-थोडं, नियमानं, नावानिशी आणि हिशोबानं काढलेले पैसे काय करू शकतात, हे आपण कारखान्यात आणि दूध संस्थेत पाहिलंय. तीच रीत इथं लावायची.

माझा प्रस्ताव दुधाच्या पगाराचा आहे. दर दहा दिवसांनी पगार होतो, वर्षाला ३६ वेळा. समजा गावात दूध घालणारी १२० घरं आहेत आणि ज्यांनी लेखी संमती दिली त्या प्रत्येकाच्या पगारातून ५ रुपये निघाले. एका पगाराला ६०० रुपये. वर्षाला २१,६०० रुपये. एका घराला वर्षाला १८० रुपये पडले. संमती लेखीच हवी, आणि ज्याला नको त्याला नको. सक्तीची कपात म्हणजे परत तेच जुनं "धर्मादाय".

आता या २१,६०० चं काय करायचं? दर गावागणिक बदलतात, म्हणून आधी दोन दवाखान्यांकडून लेखी दर घ्या. मी खाली अंदाज धरून वाटणी करतोय.

१) १०,८०० रुपये नसबंदीला. एका मांजरीला अडीच हजार धरले तर चार माद्या होतात. शिबिर लावून एकदम सात-आठ जनावरं नेली तर दर कमी करून मागता येतो. मांजरी सहाव्या महिन्याच्या आसपास माजावर येते, दोन महिन्यांत विते, एका वेताला तीन-चार पिल्लं, आणि वर्षाला दोन वेतं सहज. चार माद्यांची वर्षाची तीसेक पिल्लं म्हणजे पुढचे तीस फोटो आणि तीस क्यूआर कोड. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक किंचित कापून घ्यायचं, म्हणजे कोणती झाली ते लांबून कळतं.

२) २,६०० रुपये लसीला. आधी रेबीजची, कारण ती माणसाच्याही कामाची. मांजर चावलं किंवा ओरखडलं तरी जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं. हळद-चुना लावून घरी बसू नका. पैसे उरले तर पिल्लांना पॅनल्युकोपेनियाची लस. उलट्या-जुलाब होऊन पिल्लं पटापट मरतात तो हाच विषाणू, आणि जागेवर तो महिनोन्‌महिने टिकतो.

३) ६,००० रुपये तातडीच्या उपचाराला. एका मांजराला जास्तीत जास्त दीड हजार. मर्यादा आधीच ठरलेली हवी, नाहीतर एका मांजरावर सगळे पैसे जातात आणि पुढच्या तिघांना काही राहत नाही. कुणाला जास्त द्यायचे तर त्याने आपले घालावेत. फंडाने उधारी करायची नाही. आणि वाचणार नसेल, नुसते हाल होणार असतील, तर डॉक्टरांच्या हातून वेदनेशिवाय जाऊ देणं हाही उपचारच आहे. त्या खर्चालाही मान्यता असावी.

४) २,२०० रुपये साधनांना. एक पकडायचा पिंजरा, जाड हातमोजे, शंभर फूट दोर आणि टोमॅटोची चार कॅरेट. दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून बांधली की मांजर न्यायची पेटी तयार. विहिरीत मांजर पडलं तर कॅरेटला चारी कोपऱ्यांत दोर बांधून, आत गोणपाट आणि थोडं सुकट टाकून खाली सोडा आणि बाजूला व्हा. माणूस दिसेनासा झाला की मांजर आपण होऊन चढतं. पाणी असेल तर खाली थर्माकोल बांधा. स्लरीच्या विहिरीतही एवढंच. कॅरेट जाईल आत, माणूस जाणार नाही.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?

म्हणजे हिशोब कोणी ठेवायचा. माझं मत, बचत गटातल्या बायांनी. त्यांना वही, सह्या, बँक आणि मासिक मिटिंग यांची सवय आहे. दोन सह्यांशिवाय पैसा निघू नये. बिल दवाखान्याच्या नावानेच द्यावं. दर महिन्याला जमा, खर्च आणि शिल्लक दूध संस्थेच्या फळ्यावर खडूनं लिहावं, जिथं सकाळ-संध्याकाळ सगळे येतातच. मांजर मेलं तर तेही लिहावं. मेलेल्याचं लपवलं की फळ्यावरचा विश्वास जातो.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. लोकांकडून धर्मादाय कामाला पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीला घेतात तीच. मंडळातल्या पोरांना तो कागद माहीत आहे, त्यांना सोबत घ्या. खरं तर मंडळाने एका वर्षी डीजेचा एक तास कमी केला तरी साधनांचा खर्च निघेल, पण तो वेगळा विषय आहे.

ज्यावर पैसे खर्च करायचे नाहीत

ऊसतोडीत सापडलेलं प्रत्येक पिल्लू गावातल्या मांजराचं नसतं. रानमांजर आणि वाघाटी आपल्या उसात पिल्लं घालतात. बिबट्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. अंगावर ठिपके, पट्टे, कानाचा वेगळा आकार दिसला तर हात लावू नका, दूध पाजू नका, घरी आणू नका. ही वन्यजीव कायद्यातली जनावरं आहेत. काम थांबवा, वन विभागाला १९२६ वर कळवा. पिल्लं जागच्या जागी ठेवली तर रात्री आई घेऊन जाण्याची शक्यता असते. इथं गावाचा पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो.

पोल्ट्रीवाल्यांसाठी आणखी एक. मेलेली कोंबडी मांजराला टाकू नका. गोरेवाड्यात नागपूरजवळ तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, त्याची बातमी जानेवारी २०२५ मध्ये आली. मांजर त्याच कुळातलं. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला त्याच सुमारास घरच्या मांजरांतही तो विषाणू सापडला. मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरा. हा उपाय फुकट आहे आणि कुठल्याही ऑपरेशनपेक्षा मोठा.

आता करायचं काय

मुंबई महापालिका संस्थांना हाताशी धरून मांजरांची नसबंदी करते. आपल्या ग्रामपंचायतीकडून उद्याच ते होईल अशी आशा मी धरत नाही. पण दूध संस्थेच्या पुढच्या मिटिंगमध्ये विषय मांडायला कुणी अडवलेलं नाही. पशुवैद्यकीय अधिकारी, कृषी सहायक वाचत असतील तर त्यांना विनंती: तुमच्या हद्दीतल्या एका गावापुरतं नसबंदी-लसीचं एक शिबिर लावायला काय-काय लागेल, याची अर्ध्या पानाची यादी करून द्या. दर, औषधं, जागा, किती जनावरं. पैसे उभे करायचं काम गाव करील. आकडा समोर असला की आमचा माणूस वर्गणी देतो, नुसत्या कळवळ्यावर देत नाही.

आणि फंड होईल न होईल, एक काम याच आठवड्यात करा. आपल्या स्लरीच्या खड्ड्यावर, पडीक विहिरीवर जाळी किंवा फळ्या टाका. शेजारी लांब दोर बांधून ठेवा. घरातल्या पोराटोरांना, सालगड्याला, म्हातारीलासुद्धा बजावून सांगा, आत मांजर पडो, शेळी पडो की माणूस पडो, कुणीही खाली उतरायचं नाही. वरून दोर सोडायचा, आरडाओरडा करायचा आणि ११२ ला फोन लावायचा.

राम राम.